वाचला, पण ऐकला कोणी?

‘टु रीड द रायट अ‍ॅक्ट’ हा इंग्रजीतला रोजच्या वापरातला वाक्प्रचार. शिक्षकांनी दंगेखोर वर्गाला ‘रायट अ‍ॅक्ट’ वाचून दाखवला, म्हणजे मुलांची चांगली खरडपट्टी काढली, यापुढे हे चालणार नाही अशी तंबी दिली. आपण याला कानउघाडणी म्हणतो. वाक्प्रचारांचा अर्थ सहसा शब्दशः घ्यायचा नसतो. हा मात्र एके काळी शब्दशः खरा होता. असा कायदा होता आणि तो जमावापुढे मोठ्याने वाचला जात असे.

१७१४ साली हॅनोव्हर घराण्याचा पहिला जॉर्ज ब्रिटनच्या गादीवर आला. त्याच्या विरोधकांनी ठिकठिकाणी दंगली केल्या. त्यांना आवर घालण्यासाठी पार्लमेंटने केलेला हा कायदा १ ऑगस्ट १७१५ पासून अमलात आला. बारा किंवा अधिक माणसे जमून दंगा करू लागली, की मॅजिस्ट्रेटने पुढे होऊन, राजाच्या नावाने पांगण्याचा हुकूम ठरलेल्या शब्दांत वाचायचा. त्यानंतर तासाभराने जे तिथे सापडतील, त्यांना मृत्युदंड. त्यांना हटवताना कोणी दगावले, तर हटवणाऱ्यांवर खटला नाही. पुढे शिक्षा सौम्य झाली, पण वाचनाचा नियम राहिला.

कायदा कठोर खरा. तरी त्यात एक शहाणपण होते. आधी सांगा, घरी जायला वेळ द्या, मग बळ वापरा. पण हजारोंच्या गर्दीत एका माणसाचा आवाज किती दूर पोचणार?

१६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर हा प्रश्न रक्ताने लिहिला गेला. एवढ्या मोठ्या गावाला पार्लमेंटमध्ये स्वतःचा प्रतिनिधी नव्हता. मतदानाच्या हक्कासाठी सुमारे ६०,००० माणसे, बायकामुलांसह, तिथे जमली होती. हेन्री हंट बोलायला उभे राहिले आणि थोड्याच वेळात घोडेस्वार तलवारी उपसून गर्दीत घुसले. सुमारे १८ जण मेले, शेकडो जखमी झाले. वॉटर्लूच्या लढाईला चारच वर्षे झाली होती, म्हणून लोकांनी या प्रकाराला ‘पीटर्लू’ असे उपहासाचे नाव दिले. जवळच्या घराच्या खिडकीतून कायदा वाचला होता, असे मॅजिस्ट्रेटांचे म्हणणे. मैदानातल्या अनेकांचे म्हणणे, आम्हाला काहीच ऐकू आले नाही.

जवळजवळ शंभर वर्षांनी, १३ एप्रिल १९१९ रोजी, अमृतसरच्या जालियनवाला बागेत जनरल डायरने तेवढाही उपचार पाळला नाही. पांगण्याची सूचना न देताच त्याने गोळीबार सुरू केला. सरकारी आकड्यानुसारच ३७९ माणसे मारली गेली. नंतर चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीनेही पूर्वसूचना न दिल्याबद्दल त्याला दोष दिला.

इंग्लंड-वेल्समध्ये हा कायदा १९६७ साली रद्द झाला. वाक्प्रचार मागे उरला आणि आता तो घराघरांत, कचेऱ्यांत निरुपद्रवीपणे वापरला जातो. त्यात वाचणारा आहे, ऐकणाऱ्याचा पत्ता नाही. आपल्या ‘कानउघाडणी’त निदान कान तरी आहेत. सत्तेने इशारा दिला होता, असे कुणी सांगितले, तर तो ऐकू कोणाला आला होता, हे आधी विचारावे.