मोजणी जुनी, मोजणारा नवा

अलिबाग ते रेवदंडा या आमच्या अष्टागरात पोरांना ‘व्यायाम कर’ म्हणून सांगायची पाळी पूर्वी येत नसे. रहाटाचा बैल हाकायचा, वाडीतल्या आळ्यांत पाणी फिरवायचं, सुपारीवर चढायचं आणि ओहोटी लागली की ओल्या पुळणीवर टाचेने रेघा मारून हुतूतू! पुढे मी शाळेत पीटीचा मास्तर झालो, तरी माझी खरी शाळा ती पुळणच.

या खेळाचे, म्हणजेच कबड्डीचे, नियम महाराष्ट्रात बांधले गेले. १९३८ मध्ये तो कलकत्त्याच्या राष्ट्रीय स्पर्धांत पोचला, बुवा साळवींनी हयात त्यात घातली, १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्ण जिंकलं. रायगडात मात्र कबड्डी म्हणजे आधी गावचा संघ, बहुधा ग्रामदैवताच्या नावाचा. संध्याकाळी पोरं जमत, त्यांत एखादा जुना खेळाडू असे. कुणाचा दम कमी पडतो, कुणाचा गुडघा कुरकुरतो, कुणाला चढाईपेक्षा कोपरा जमेल, सगळं त्याला तोंडपाठ. दोन दिवस दांडी मारली की तो थेट घरी येऊन आईसमोर विचारी, “काय रे, पाय मोडला काय?”

हे काम आता मोबाइलकडे आलंय. वय, वजन, कालची पावलं बघून तो आजचं लक्ष्य ठरवतो, नाव घेऊन निरोप धाडतो. सरकारचं फिट इंडिया ॲप २०२१ च्या क्रीडा दिनी आलं. गरज खरीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये १४६ देशांचा हिशोब मांडला, त्यात ११ ते १७ वयाच्या ८१ टक्के मुलांचा रोजचा तासभर व्यायामही होत नव्हता. मोजणीचं म्हणाल तर त्यात नवल नाही. औंध संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी शाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे केले, तेही मोजूनच घातले जात. आणि दहा हजार पावलांचा मंत्र १९६५ च्या एका जपानी पाऊलमोजणी यंत्राच्या विक्रीतून आलेला, वैद्यांकडून नव्हे.

ॲपचा निरोप बोटाने बाजूला सारता येतो, दारात उभा माणूस नाही. पण तो माणूस आमच्या गावात फक्त मुलग्यांच्या दारात जाई. डोक्यावर टोपली घेऊन बाजार गाठणाऱ्या मुली जास्त चालत, त्यांची हजेरी कुणी घेतली नाही. फोन मुलगा-मुलगी बघत नाही, तेवढ्यापुरता मी त्याच्या बाजूचा. माझ्या ओळखीच्या एक क्रीडाशिक्षिका नववीच्या मुलींची पावलं फोनवर बघतात, आणि आकडा घसरला की संध्याकाळी स्वतः त्या मुलीच्या घरी जातात.