मृत्युनोंदींचा शोध : हाटकेश (मिरा-भाईंदर)

कुटुंबाचा इतिहास जुळवण्यासाठी पूर्वजांच्या मृत्यूची अधिकृत नोंद शोधणे व तिची नक्कल मागणे. हाटकेश ही ठाणे जिल्ह्यातील मिरा रोड पूर्वेची औद्योगिक गाळे आणि गृहसंकुले यांची दाट वस्ती. इथली पुष्कळ कुटुंबे गेल्या काही दशकांत मुंबईच्या चाळींतून, कोकणातून आणि गुजरात, राजस्थान, उत्तर प्रदेशातून आली. त्यामुळे पणजोबांची नोंद याच गावात सापडेल ही आशा बहुधा फोल ठरते.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यानुसार मृत्यू जिथे घडला तिथल्या निबंधकाकडे तो नोंदवला जातो. राहता पत्ता हा नोंदीतला एक रकाना, एवढेच. हाटकेशला आयुष्य काढलेला माणूस परळच्या केईएम रुग्णालयात वारला, तर अंत्यविधी भाईंदरला होऊनही नोंद मुंबई महापालिकेत राहते. शिमग्याला गावी गेला असता तिथेच वारला, तर ती त्या ग्रामपंचायतीच्या वहीत जाते. वसईला वारला असेल तर जिल्ह्याकडेही लक्ष हवे, कारण १ ऑगस्ट २०१४ रोजी वसई तालुका पालघर जिल्ह्यात गेला, मिरा-भाईंदर ठाण्यातच राहिले. तेव्हा आधी मृत्यूचे ठिकाण नक्की करावे. ते न करता खिडकीवर उभे राहणाऱ्यांची खेप बहुतेक वेळा वाया जाते.

मृत्यू याच हद्दीत घडला असेल, तर अर्ज मिरा-भाईंदर महानगरपालिकेकडे करावा. मिरे, घोडबंदर, नवघर या जुन्या ग्रामपंचायती १२ जून १९८५ रोजी स्थापन झालेल्या नगरपालिकेत विलीन झाल्या. २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिची महानगरपालिका झाली. नगरपालिकेआधीच्या नोंदीसाठी गावाचे नाव सांगावे लागते. हाटकेश हे नाव जुन्या वहीत शोधू नये. सदनिकेच्या करारनाम्यात मौजे म्हणून जे गाव लिहिलेले असते ते धरावे. अधिनियमाच्या कलम १७ प्रमाणे फी भरून कोणालाही नोंदीचा शोध घेता येतो आणि दाखला मागता येतो, मात्र दाखल्यात मृत्यूचे कारण दिले जात नाही. घराण्यात कोणता आजार चालत आला हे पाहणाऱ्याची इथे निराशा होते. शोध निष्फळ ठरल्यास नमुना १० मध्ये ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला मिळतो. तो जपून ठेवावा. त्याचा अर्थ त्या कार्यालयाच्या त्या काळातल्या वह्यांपुरताच असतो. पुढचा अर्ज दुसऱ्या कार्यालयात करायला तो उपयोगी पडतो.

खरी अडचण तारखेची. घरात इंग्रजी तारीख कोणाच्या लक्षात नसते, पण श्राद्धाची तिथी असते. वर्षश्राद्धाच्या तिथीतून महिना, पक्ष आणि तिथी तिन्ही कळतात. पितृपक्षातल्या महालयावरून फक्त तिथी, महिना नाही. मृत्यू कोणत्या पाच-सात वर्षांतला हे एखाद्या लग्नावरून, बारशावरून ठरवता आले, तर जुन्या पंचांगातून दर वर्षासाठी एकेक तारीख काढता येते. वर्षानुवर्षांची वही चाळायला सांगण्यापेक्षा अशा सात तारखा कागदावर लिहून दिल्या, तर कारकूनही मनापासून शोधतो.

१९७० पूर्वीच्या ग्रामीण नोंदी गावपातळीवरच्या जन्म-मृत्यू नोंदवहीत असतात. बोलीत तिला कोतवाल बुक म्हणतात, दप्तरात गाव नमुना १४. नुसता क्रमांक सांगून मात्र भागत नाही. आजच्या तलाठी दप्तरात १४ वा नमुना पाणीपुरवठ्याच्या साधनांचा आहे. जुन्या वह्या तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात शोधाव्यात. मिरा-भाईंदरपुरता तो ठाणे तालुका. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींची शोधमोहीम हाती घेतली तेव्हा या वह्यांची धूळ झटकली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. कारण या वह्यांत नावापुढे जात लिहिलेली असते, आडनाव कित्येकदा नसतेच. बाईची नोंद ‘अमुक भ्रतार तमुक’ अशी नवऱ्याच्या नावाने सापडते. मृत्यूचे कारणही असते, पण पटकी, देवी, प्लेग यांखेरीज उरलेले बरेचसे ‘ताप’ या एका शब्दात कोंबलेले असते. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत गेलेला पूर्वजही तिथेच शोधावा.

किनाऱ्यालगतच्या उत्तन, डोंगरी, भाईंदर भागातल्या ख्रिस्ती कुटुंबांना चर्चची दफन-नोंदवही हा निराळा आधार आहे; जुनी पाने लॅटिन किंवा पोर्तुगीजमध्ये असू शकतात. अर्ज पालिकेकडे नव्हे, त्या चर्चच्या धर्मगुरूंकडे करावा.

जमीन असलेल्या घराण्यात, मग ते मिऱ्याचे आगरी असोत की गावी शेत राखून आलेले चाकरमानी, मृत्युनोंद हरवली तरी वारसनोंद उरते. खातेदार वारल्यावर तलाठी गाव नमुना ६-क मध्ये वारसांचे प्रकरण नोंदवतो आणि त्यावरून फेरफार होतो. फेरफारात खातेदार कधी मयत झाला आणि मागे कोण कोण उरले हे येते. मृत्यूच्या दाखल्यात मुलांची नावे नसतात. म्हणून वंशावळीसाठी फेरफार दाखल्यापेक्षा सरस. शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर अनेक गावांचे जुने फेरफार स्कॅन स्वरूपात पाहता येतात. मात्र वारसनोंद काही वेळा मृत्यूनंतर दहा-वीस वर्षांनी, जमीन विकायची वेळ आल्यावर केलेली असते. फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख समजून वंशावळीत उतरवू नये.