बिलियर्डच्या टेबलावरील पळवाटा

बिलियर्डचा खेळ आपल्यापैकीं कांहींनीं जिमखान्यांत किंवा क्लबांत पाहिला असेल. ज्यांनीं पाहिला नसेल त्यांनीं कॅरमची फळी डोळ्यांपुढें आणावी, ती बारा फूट लांब व सहा फूट रुंद करावी, तिच्यावर हिरवी बनात चढवावी, चारांच्या जागीं सहा भोंकें करून त्यांस खिसे म्हणावें, आणि सोंगट्यांऐवजीं तीन चेंडू मांडावे. म्हणजे पुढील हकीकत समजण्यास अडचण पडणार नाहीं. एक चेंडू आपला, एक प्रतिस्पर्ध्याचा व तिसरा तांबडा. आपल्या चेंडूनें एकाच टोल्यांत दुसऱ्या दोहोंना स्पर्श केला कीं त्यास कॅनन म्हणतात व त्याचे २ गुण. तांबडा खिशांत घातला कीं ३ गुण. गुण मिळविण्याचे आणखीही मार्ग आहेत, पण तूर्त इतके पुरेत. गुण मिळत आहेत तोंवर खेळण्याची पाळी त्याच खेळाडूकडे राहते, आणि या अखंड पाळीस इंग्रज लोक ब्रेक म्हणतात. अमेरिकेंतील पूल नांवाच्या भावंडखेळांत मात्र ब्रेक म्हणजे मांडलेले चेंडू फोडण्याचा पहिला टोला. शब्द एक आणि अर्थ दोन. परंतु दोन्ही ब्रेकांत नियमाच्या फटींतून शिरलेला तंटा एकाच जातीचा आहे. जें नियमानें मना केलेलें नाहीं तें करणारा खेळाडू अपराधी ठरतो काय, हा तो तंटा.

पहिली फट तांबड्या चेंडूच्या जागेंत सांपडली. तो खिशांत गेला कीं बाहेर काढून टेबलाच्या वरच्या कडेजवळील एका ठरलेल्या ठिपक्यावर परत ठेवावयाचा, असा नियम होता व आहे. आतां एखाद्यानें तांबडा वरच्या कोपऱ्यांतील खिशांत अशा बेतानें घातला कीं आपला चेंडू पुन्हां त्याच कामाला योग्य जागीं उभा राहावा, तर त्याला थांबविणार कोण? प्रतिस्पर्ध्याचा चेंडू कोठें आहे याची त्याला फिकीरच नको. या खेळीस ठिपक्याची खेळी म्हणत. १८७० सालीं लंडन येथें अजिंक्यपदासाठीं थोरले जॉन रॉबर्ट्स व तरुण विल्यम कुक यांचा सामना झाला, तेव्हां या खेळीला आळा बसावा म्हणून खास टेबल करविलें गेलें. त्याचे खिसे केवळ तीन इंच रुंदीचे होते व ठिपकाही कडेच्या अधिक जवळ नेला होता. कुक जिंकला, पण रोग खेळाला आणि औषध टेबलाला, असा तो प्रकार झाला. अजिंक्यपदाच्या सामन्यांबाहेर नेहमींच्या टेबलांवर जुनाच खेळ चालू राहिला.

या खेळींत डब्ल्यू. जे. पील हा गृहस्थ अद्वितीय निघाला. १८९० सालीं त्यानें लंडनमध्यें एकाच पाळींत ३,३०४ गुण केले, आणि त्यांतले बहुतेक सारे त्या एकाच ठिपक्यावरून. प्रेक्षकांच्या स्थितीची कल्पना करा. तेंच तबलजीनें तेंच बोल रात्रभर वाजवावे तसें तें. दुसरीकडे धाकटे जॉन रॉबर्ट्स यांनीं ठिपक्याची खेळी आपसांत वर्ज्य ठरवून सामने खेळण्याचा पायंडा लोकप्रिय केला होता. म्हणजे नियमानें जें केलें नाहीं तें करारानें केलें. हा उपाय मला फार शहाणपणाचा वाटतो. दोघे खेळाडू टेबलाशीं येण्यापूर्वीं हस्तांदोलन करून ठरवितात कीं ही वाट आपण दोघांनींही बंद धरावयाची. त्यांत कोणाची अब्रू जात नाहीं. अखेर १८९८ सालीं बिलियर्ड असोसिएशननें नियमच बदलला. ठिपक्यावरून लागोपाठ दोनदां तांबडा खिशांत गेला कीं पुढें तो टेबलाच्या मध्यावर ठेवावा असें ठरलें. त्याच वेळीं क्यूचें टोंक चेंडूस चिकटवून ढकलण्याची खेळीही बंद झाली.

आतां १९०७ सालाकडे येऊं, कारण त्या सालीं जें घडलें त्याला खेळांच्या इतिहासांत तोड नाहीं. कोपऱ्यांतील खिशाच्या तोंडाशीं दोन्ही बाजूंस जे ओंठ असतात, त्या दोन ओंठांवर दोन चेंडू असे अडकवून ठेवावयाचे कीं ते धड आंत पडत नाहींत, धड बाहेर येत नाहींत. मग आपला चेंडू दोघांना हलकेंच चाटून इकडून तिकडे जातो आणि तिकडून इकडे येतो. स्पर्श झालेले चेंडू किंचित् डुलतात आणि जागच्या जागीं राहतात. प्रत्येक वेळीं कॅनन झाला, २ गुण मिळाले. या युक्तीला पाळण्याचा कॅनन असें गोड नांव मिळालें. धाकट्या विल्यम कुकनें त्या वर्षीं हिच्या बळावर ४२,७४६ गुण केले. त्यावर ताण केली टॉम रीसनें. लंडनच्या सोहो स्क्वेअरमधील बरोझ हॉलमध्यें ३ जून रोजीं त्याचा जो चॅपमन याच्याशीं सामना सुरू झाला, आणि ६ जुलैपर्यंत रीस खेळतच राहिला. एकंदर ४,९९,१३५ गुण, आणि तरीही पाळी अपुरीच. कॅनन झाले २,४९,५५२. प्रत्यक्ष खेळाचा वेळ ८५ तास ४९ मिनिटें. मीं त्रैराशिक मांडून पाहिलें तेव्हां मिनिटाला सरासरी अठ्ठेचाळीस कॅनन पडले. म्हणजे घड्याळाच्या सेकंदाच्या कांट्याहून थोडी धीमी अशी ती गति.

पांच आठवडे चॅपमनला आपला चेंडू मारण्याचा प्रसंग आला नाहीं. रीसनें कांहीं लपविलें होतें काय? मुळींच नाहीं. दिवसाढवळ्या, पंचासमोर, नियमाच्या अक्षराला धरून तो खेळला. हा सर्व वेळ वृत्तपत्रांचे प्रतिनिधि व प्रेक्षक हजर नव्हते या कारणास्तव त्याच्या विक्रमाला अधिकृत मान्यता मिळाली नाहीं, हें मला थोडें विनोदी वाटतें. तो खेळ अखंड पाहत बसण्यास माणसें आणावयाचीं कोठून? असोसिएशननें लौकरच ही खेळी निषिद्ध केली. माझें मत असें कीं रीसवर अखिलाडूपणाचा ठपका ठेवणें अन्यायाचें आहे. कायद्याच्या वहींत एक पान कोरें होतें, तें त्यानें साऱ्यांसमोर भरून दाखविलें. मात्र हेंही खरें कीं दोघांच्या खेळांत एकाला पांच आठवडे खुर्चीवर बसवून ठेवल्यावर जें उरतें त्याला सामना म्हणतां येत नाहीं. ती एकट्याची कसरत होते.

वॉल्टर लिंड्रमची गोष्ट निराळी आहे, आणि तिच्या बाबतींत नियम करणारांशीं माझें पुरतें जमत नाहीं. ऑस्ट्रेलियांतील कॅलगुर्ली गांवीं १८९८ सालीं जन्मलेला हा पुरुष तिन्ही चेंडू कडेशीं जवळ जवळ आणून, त्यांना अंगठ्याएवढ्या अंतरानें पुढें सरकवीत, एकामागून एक कॅनन काढीत जाई. पाळण्याच्या कॅननमध्यें चेंडू अडकलेले असतात; येथें ते मोकळे असतात व प्रत्येक टोल्यागणिक सांभाळावे लागतात. १९३२ च्या जानेवारींत लंडनच्या थर्स्टन हॉलमध्यें जो डेव्हिसविरुद्ध त्यानें ४,१३७ गुणांची पाळी केली, आणि तीही तीन तासांच्या आंत. मग नियम आला कीं ठराविक गुणांच्या अंतरानें खेळाडूनें आपला चेंडू टेबलाच्या दुसऱ्या टोंकाकडील बॉक-रेषेपलीकडे नेऊन आणलाच पाहिजे, म्हणजे ती माळ आपोआप तुटेल. पीलच्या किंवा रीसच्या वेळीं फट बुजविली गेली. लिंड्रमच्या वेळीं एका माणसाच्या हातावर मर्यादा घातली गेली. तरी त्यानें नव्या नियमाखालींही अजिंक्यपद मिळविलें व १९५० पर्यंत तें सोडलें नाहीं. मेलबर्न येथील त्याचें थडगेंसुद्धां बिलियर्डच्या टेबलाच्या आकाराचें बांधलें आहे. प्रेक्षक मात्र तोंवर स्नूकरकडे वळूं लागले होते. तो खेळ १८७५ सालीं आपल्याच जबलपूरच्या लष्करी मेसमध्यें जन्मला. बिलियर्डचें वैभव पुढें हौशी खेळाडूंनीं टिकविलें. पुण्यांत जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ सालीं कलकत्त्यास हौशी खेळाडूंचे जगज्जेते झाले, हें पुणेकर अद्याप अभिमानानें सांगतात.

आतां ब्रेकच्या दुसऱ्या अर्थाकडे, म्हणजे फोडीकडे वळूं. पूलचा नऊ चेंडूंचा एक प्रकार आहे. नऊ चेंडू शंकरपाळ्याच्या आकारांत मांडतात. टोंकाशीं १ क्रमांकाचा आणि मधोमध ९ चा. टेबलावरील सर्वांत लहान क्रमांकाच्या चेंडूस प्रथम स्पर्श करावयाचा, आणि नियमानें खेळून जो ९ क्रमांक खिशांत घालील त्यानें डाव जिंकला. फोडीसंबंधीं नियम इतकाच होता कीं एखादा चेंडू खिशांत जावा, किंवा निदान चार चेंडू टेबलाच्या कडांवर आपटावे. फोड म्हणजे अंगांतील सारा जोर लावून मारलेला टोला, हें नियमांत कोठेंही लिहिलेलें नव्हतें. तें सर्वांच्या मनांत होतें, एवढेंच.

कोरी ड्युएल या अमेरिकन खेळाडूनें लिहिलेलें तेवढेंच वाचलें. चेंडू एकमेकांस अगदीं घट्ट भिडवून मांडले तर शंकरपाळ्याच्या बगलेंतील चेंडू कोठें जाणार हें बव्हंशीं ठरलेलेंच असतें. मग जोर कशाला? हलका, मोजका टोला मारला कीं बगलेंतील चेंडू कोपऱ्यांतील खिशांत जातो आणि बाकीचे आपल्याला सोयीच्या जागीं थांबतात. २००१ सालच्या अमेरिकन ओपन स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत त्यानें फिनलंडच्या मिका इमोनेनचा ११–० असा पराभव केला. इमोनेन कोणी सामान्य नव्हे. त्याच वर्षीं तो जगज्जेता झाला होता. जेथें जिंकणाराच पुढील डाव फोडतो तेथें अशा फोडीपुढें दुसऱ्यानें करावें काय? ही फोड भेकडपणाची आहे अशी ओरड झाली. पण भेकड कोण? हलक्या टोल्यांत जी मोजदाद आहे ती जोराच्या टोल्यांत नाहीं, आणि मनगट आवरून धरण्यासही धैर्य लागतें.

खरी शंका फोडीपूर्वींच्या क्षणाची आहे. कित्येक स्पर्धांत फोडणारा स्वतःच चेंडू मांडीत असे. दोन चेंडूंमध्यें केसाएवढी फट मुद्दाम ठेवली किंवा सारा शंकरपाळा किंचित् कलता मांडला तर चेंडूंच्या वाटा बदलतात, आणि पलीकडे उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याला तें दिसत नाहीं. ज्या खेळांत आपल्या बाहीचा चेंडूस स्पर्श झाला तर पंचानें पाहिलें नसतांही आपण होऊन सांगावें अशी रीत आहे, त्या खेळांत ही लपवाछपवी पीलच्या, रीसच्या किंवा ड्युएलच्या पंक्तीला बसवितां येत नाहीं. त्यांनीं नियमाला फसविलें असें फार तर म्हणावें. हा माणसाला फसवितो.

यावर उपाय झाले ते दोन्ही प्रकारांवर एकदमच झाले. चेंडू घट्ट व सारखे बसावे म्हणून त्यांच्याखालीं ठेवावयाचे पातळ साचे आले. मोठ्या स्पर्धांत मांडण्याचें काम पंचाकडे गेलें. मधल्या ९ क्रमांकाला पुढें आणून ठिपक्यावर ठेवूं लागले, म्हणजे बगलेंतील चेंडूचा सरळ मार्ग मोडतो. फोड टेबलाच्या मधल्या अरुंद चौकटींतूनच करावी, आणि निदान तीन चेंडू खिशांत जावे किंवा फोडणाराच्या बाजूच्या रेषेपलीकडे यावे, अशीं बंधनें कित्येक स्पर्धांनीं घातलीं. तेव्हांपासून खेळाडू सरावाच्या टेबलांवर त्या चौकटींतून एक नवाच टोला घोटीत आहेत: १ क्रमांकाला बाजूनें कापणारा, तीन चेंडू रेषेपलीकडे नेण्यापुरता जोराचा, आणि त्याहून रतीभरही अधिक नव्हे असा.