दुष्काळी कामावरील झोळी

अहमदनगरच्या किल्ल्याविषयी, चांदबिबीच्या शौर्याविषयी आणि मलिक अंबरच्या मुत्सद्देगिरीविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु अकोले तालुक्याचा डोंगराळ पट्टा वगळता सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडलेल्या आणि म्हणून अवर्षणाची परंपरागत वतनदारीच मिळालेल्या या जिल्ह्यात ज्या स्त्रियांनी रस्त्यांची खडी फोडली, तलावांची माती वाहिली आणि हे करीत असता कडेवरचे मूलही जगविले, त्यांचा उल्लेख शोधू जाता हाती फारसे लागत नाही. अंगावर पिणारे मूल असलेल्या बाईने सार्वजनिक कामाची हजेरी कशी भरावी, हा प्रश्न मात्र या मुलखात निदान दीडशे वर्षांचा जुना आहे.

सार्वजनिक कामाची सक्ती या मुलखाला नवी नव्हती; पेशवाईतील वेठबिगार सर्वश्रुतच आहे. सरकारी ओझी वाहणे, निरोप पोचविणे, अंमलदारांची सरबराई करणे ही कामे गावावर पडत आणि गाव ती बहुतांशी महारवाड्यावर ढकली. महारांची वतनी चाकरी तर वतने रद्द करणारा 1958 चा कायदा होईपर्यंत टिकून राहिली.

या सक्तीला नवे आणि अवाढव्य रूप आले ते 1876 ते 1878 च्या दुष्काळात. कोणी शिपाई पाठवून कुणबिणीला कामावर ओढीत नसे हे खरे. परंतु घरातील बळद रिकामे झाले, सावकाराने हात आखडता घेतला आणि जनावरे कवडीमोलाने विकली गेली, म्हणजे सरकारी कामावर नाव लिहविणे ऐच्छिक आहे असे म्हणणे ही शुद्ध थट्टा होय. आरंभी पुरुषास रोज 2 आणे, स्त्रीस दीड आणा आणि काम करू शकणाऱ्या मुलास 1 आणा असा दर होता. 1877 च्या जानेवारीत, सर रिचर्ड टेंपल हे व्हाइसरॉयचे प्रतिनिधी म्हणून दौऱ्यावर असता काटकसरीचे वारे सुटले, आणि पुरुषास एक पौंड धान्याची किंमत अधिक 1 आणा, स्त्रीस तेवढ्याच धान्याची किंमत अधिक अर्धा आणा, असा नवा दर ठरला. एक पौंड म्हणजे सुमारे अर्धा शेर. एवढ्या अन्नावर दिवसभर खणणारा मनुष्य टिकणार नाही, असा आक्षेप मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी हिरिरीने मांडला. दख्खनेत हजारो मजूर कामे सोडून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. या वादात मजुराच्या पोटाचा हिशेब झाला तो एका पोटाचा झाला. जिच्या देहाला स्वतःचे आणि तान्ह्याचेही पोषण करावयाचे, तिला पुरुषाहून दोन पैसे कमी मिळावेत, यात काही विपरीत आहे असे दर ठरविणारांना वाटले नसावे. याच काळात दुष्काळपीडितांच्या श्रमांनी धोंड (दौंड)-मनमाड लोहमार्गाचे भराव उठले आणि 1878 मध्ये नगरवरून आगगाडी धावू लागली.

पुढे 1880 च्या दुष्काळ आयोगाने नियम बांधण्याची शिफारस केली, प्रांतोप्रांती दुष्काळ-संहिता तयार झाल्या, आणि कामकऱ्यांवर अवलंबून असणारी मुले नावाची एक वर्गवारी कागदोपत्री आली. त्यांच्यासाठी छावणीत अन्नछत्रे निघाली. पण अन्नछत्रातील कांजी ही हातपाय हलविणाऱ्या पोरांची सोय झाली. अंगावरच्या मुलाचे अन्न आईबरोबर खड्ड्यात उतरलेले असे.

1972 च्या दुष्काळाची गोष्ट आजही जिल्ह्यातील म्हाताऱ्या बायांच्या तोंडी आहे. 1973 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर सुमारे 50 लक्ष माणसे होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते आणि खडी. मिलो ज्वारीच्या लाल भाकरी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी. मजुरी मापावर मिळे: चौकडी, म्हणजे खणलेला खड्डा, किती लांब, किती रुंद, किती खोल हे टेप लावून पाहिले जाई. मूल रडले की बाई घमेले खाली ठेवून बाभळीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीकडे जाई, पाजून परत येई. तेवढ्यात टोळीचे काम अडे, जावा-नणंदांच्या कपाळाला आठ्या पडत, आणि चौकडी तेवढी उथळ राही. मुकादमाने रागे भरण्याचेही कारण नव्हते, टेपच बोले. तो तोटा टाळावयाचा तर झोळीला झोका देण्यास घरची सात-आठ वर्षांची मुलगी आणावी लागे, म्हणजे तिची शाळा बुडे. सरकारने जी पाळणाघरे काढली नाहीत, ती या पोरींनी चालविली, असे मी म्हणेन.

याच सुमारास जिल्ह्यातील जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांचे काम सुरू होते. 1970 साली ते तेथे आले, आणि गावातील, बहुधा निरक्षर, स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार करू लागले. बाळंतीण आणि तान्हे मूल यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही, हे गावोगाव समजावून सांगण्याचे काम या सेविकांकडे आले.

रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये संमत होऊन 26 जानेवारी 1979 पासून अंमलात आला. पिण्याचे पाणी, सावली आणि पाळणाघर या गोष्टी कामाच्या जागी असाव्यात, हे आता उपकार न राहता सरकारचे कर्तव्य ठरले, कागदावर तरी. 2005 च्या केंद्रीय कायद्याने आकडाच घालून दिला: कामावरील स्त्रियांबरोबर सहा वर्षांखालील पाच अथवा अधिक मुले असतील, तर त्यांना सांभाळण्यास एक बाई नेमावी आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी. सांभाळण्याला दाम आहे, हे सरकारी दप्तरात असे स्वच्छपणे लिहिले जावयास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. मात्र पारनेर तालुक्यातील एखाद्या माळावरील छोट्या कामावर चारच मुले असली, तर या 2005 च्या नियमाप्रमाणे तेथे कोणी नेमावयाचे नाही. तेथे झोळीच बांधावयाची आणि चौकडीचे माप पूर्वीप्रमाणेच घ्यावयाचे.