मूळ कालनोंद आणि संगणकातील तारीख

इतिहासाच्या अभ्यासात कालनिर्णयाचे स्थान मूलभूत आहे. विहारांतील व ग्रंथालयांतील साधनांच्या सूची संगणकावर तयार होत असताना काळ कोणत्या रूपात नोंदवावा, हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही, असे आम्हांस वाटते.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे येथे रचलेल्या ज्ञानेश्वरीचे उदाहरण घेऊ. ग्रंथाच्या अखेरीस शके १२१२ हे वर्ष आहे. महिना व दिवस नाही. संगणकाचा तारखेचा रकाना सामान्यतः तिन्ही मागतो. मग नोंद करणारा शकात ७८ मिळवून १ जानेवारी १२९० अशी तारीख भरतो. परंतु शकवर्षाचा आरंभ चैत्रात होतो. प्रचलित गत शक धरल्यास शके १२१२ हे वर्ष इ. स. १२९० च्या वसंतात सुरू झाले. म्हणजे भरलेली तारीख शके १२११ मधील ठरते!

याच नेवाशात डेक्कन कॉलेजने १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. तेथे ताम्रपाषाणयुगापासूनचे थर सापडले. अशा प्राचीन थरांसाठी वापरल्या जाणाऱ्या कार्बन कालमापनात ‘आजपूर्वी’ म्हणजे इ. स. १९५० पूर्वी, आणि निष्कर्षासोबत अधिक-उणे मर्यादा असते. ती गाळल्यास अनुमानाला निश्चितीचे खोटे रूप येते.

शेजारच्या नाशिकला त्रिरश्मी लेण्यांतील तिसऱ्या लेण्याचा दानलेख वासिष्ठीपुत्र पुळुमावीचे १९ वे वर्ष, ग्रीष्माचा दुसरा पक्ष व १३ वा दिवस सांगतो. वर्षाचे तीन ऋतू मानणारी ही गणना विनयपिटकातील हेमंत, गिम्ह व वस्सान यांच्याशी जुळते. पुळुमावीच्या राज्यारोहणाविषयी मात्र विद्वानांत मतभेद आहेत. केवळ इसवी सन नोंदवला तर भिक्खुसंघाच्या जीवनाशी जुळणारी ही कालगणनाच सूचीतून नाहीशी होईल.

म्हणून मूळ शब्द एका रकान्यात जसेच्या तसे ठेवावेत. दुसऱ्या दोन रकान्यांत संभाव्य काळाची पूर्व व उत्तर मर्यादा द्यावी. रूपांतर कोणत्या मतानुसार केले, हे चौथ्यात लिहावे. नागपूरच्या धम्मदीक्षेसारखी पूर्ण तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने १९५६-१०-१४ अशी नोंदवावी. १९८८ च्या आंतरराष्ट्रीय मानकातील या क्रमाने नोंदी आपोआप कालानुक्रमे लागतात.

जे साधनाने सांगितले ते साधनाचे आणि जे आपण अनुमानिले ते आपले, हा भेद सूचीत राहिला, तरच पुढील अभ्यासकाला आपले अनुमान तपासता येईल. स्वतः पारखून स्वीकारण्याची शिकवण देणाऱ्या धम्माच्या अभ्यासकांनी तरी ही वाट बंद करू नये.