शूर्पारक ते श्रावस्ती : अंतर, काळ व आकाशमार्ग

वसई तालुक्यातील राजोडीच्या किनाऱ्यानजीकचे नाला-सोपारे म्हणजेच प्राचीन शूर्पारक बंदर होय. येथे १८८२ साली अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. १९५६ साली भुईगाव येथे नवव्या लेखाचा अंश सापडला. या किनाऱ्याचा उत्तरेशी असलेला जुना संबंध त्यांवरून स्पष्टच आहे. परंतु उत्तरेतील नगर येथून किती दूर मानले जाई व तेथे पोहोचण्यास किती काळ लागे, याचा विचार बौद्ध वाङ्मयातील दोन कथांच्या आधारे करावा लागतो.

पहिली कथा ‘दिव्यावदाना’तील. शूर्पारकाचा व्यापारी पूर्ण हा भिक्षू झाल्यावर बुद्धाला आपल्या नगरीत निमंत्रण देतो. श्रावस्ती येथून शंभर योजनांहून काहीशी अधिक दूर असल्याचे तेथे म्हटले आहे. म्हणून ऋद्धिसंपन्न भिक्षू आकाशमार्गाने येतात. दुसरी कथा बाहिय दारुचीरियाची. बुद्धदर्शनासाठी तो शूर्पारकाहून श्रावस्तीस जातो, उपदेश ऐकतो आणि लगेच गाईच्या धडकेने मरण पावतो. अट्ठकथेत हे अंतर १२० योजने दिले आहे.

श्रावस्ती व सोपारा यांमधील सरळ अंतर सुमारे १३०० किलोमीटर आहे. पाली कोशाप्रमाणे योजन सुमारे ७ मैलांचे धरल्यास १२० योजनांचे सुमारे १३५० किलोमीटर होतात. हा मेळ लक्षणीय खरा. तथापि तो प्रत्यक्ष मोजणीचा पुरावा मानता येत नाही. योजनाचे मान सर्वत्र एक नव्हते. भूमार्ग सरळ रेषेहून पुष्कळच लांब असणार. शिवाय १२० योजने हाच आकडा अट्ठकथांत महाकप्पिनाच्या कथेतही येतो. तो ‘अतिदूर’ या अर्थाचा रूढ संकेत असणे अधिक संभवनीय आहे.

काळाचा प्रश्न याहून महत्त्वाचा. मूळ ‘उदाना’तील ‘एकरत्तिपरिवास’ या पदाचा अर्थ अट्ठकथाकारांनी ‘एकाच रात्रीत’ असा घेऊन प्रवासाचे श्रेय दैवी प्रभावास दिले. परंतु ‘प्रत्येक मुक्कामी एकच रात्र’ हा अर्थ सरळ आहे व व्यवहाराशी जुळतो. ‘पेरिप्लस’नुसार भरुकच्छाहून प्रतिष्ठान वीस दिवसांच्या वाटेवर होते. या दोन नगरांमधील सरळ अंतर सुमारे ३५० किलोमीटर. म्हणजे वाटेची वळणे जमेस धरून दिवसाला सतरा-अठरा किलोमीटर. याच गतीने शूर्पारकाहून श्रावस्तीस सुमारे अडीच महिने लागतील. पावसाळ्यातील खोळंबा निराळाच. ताशी ८०० किलोमीटर जाणाऱ्या आजच्या विमानास इतके अंतर कापण्यास दोन तासही लागणार नाहीत.

दोन्ही कथांनी अंतर कमी केलेले नाही. एकीने भिक्षूंना आकाशमार्ग दिला. दुसरीच्या भाष्यकारांनी महिन्यांची एक रात्र केली. हा चमत्कार काळापुरताच आहे, आणि त्या काळाचा भार व्यापारी व भिक्षू या दोघांनाही पुरता ठाऊक होता. म्हणूनच ‘प्रत्येक मुक्कामी एकच रात्र’ हा अर्थ स्वीकारल्याने बाहियाची कथा उणी होत नाही. कोठेही दुसरी रात्र न घालवता महिनोन्महिने चालत गेलेल्या त्या माणसाची तळमळ उलट अधिक विश्वसनीय ठरते.