वळू कोणाचा?

दसरा उलटलाय. साल १७४० नंतरचं एखादं. नागपुरात रघूजी भोसल्यांचा अंमल बसू लागलाय आणि त्यांच्या फौजा पूर्वेकडं, बंगालच्या वाटेला लागताहेत. त्या फौजेच्या मागं धावणाऱ्या एका छकड्यात तुम्ही दाण्याच्या पोत्यांवर बसलात, दोन्ही हातांनी खुंट घट्ट धरून. हात सोडायची सोय नाही, कारण पुढचे बैल चालत नाहीत, पळताहेत. ओझं घेऊन, चढावर.

बसल्या जागेवरून दोन पांढऱ्या पाठी दिसतात, मानेवर जराशी राखी छटा, आखूड शिंगं, हलके आणि लांब पाय. बैल कुठले म्हणून तुम्ही गाडीवानाला विचारता.

"कारंज्याकडच्या रानातले. गवळ्याचे," तो म्हणतो आणि कासरा ढिला सोडतो.

बखरीत बैलांची वंशावळ कुणी लिहीत नाही. त्यामुळं हा प्रवास पशुतज्ज्ञांच्या एका जुन्या तर्कावर बेतलेला आहे. मराठ्यांना डोंगराळ मुलखातून झपाट्यानं सामान नेणारं जनावर हवं होतं, आणि वर्धा-नागपूर-छिंदवाड्याच्या पट्ट्यातली गवळाऊ ही जात त्या गरजेतून घडत गेली, असं ते सांगतात. मला हा तर्क पटतो. गवळाऊ बैल एकदा पळताना पाहिला की तो निव्वळ नांगरासाठी घडला असेल असं वाटत नाही.

छकड्यातून उतरा आणि बैलांचा माग उलटा काढत चला. गरमसूरच्या डोंगराखाली सागाच्या रानात नंदगवळ्यांचा वाडा लागेल. काटेरी कुंपणात सात-आठ गोऱ्हे आहेत आणि म्हातारा गवळी त्यांना एकेक करून मोकळं सोडतोय. तो त्यांचं वजन बघत नाही. पळताना मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशापलीकडं पडतो का, हे बघतो. एक गोऱ्हा वळू म्हणून राखला जाईल. बाकीचे बडवले जातील, छकड्याला जुंपले जातील, आणि त्यांच्या अंगातलं जे काही आहे ते त्यांच्याबरोबर संपेल. पुढच्या चार-पाच वर्षांत या कळपात जन्मणाऱ्या प्रत्येक वासराचा निम्मा वारसा आज सकाळी ठरतोय आणि ठरवणाऱ्याला गुणसूत्र ही वस्तू ठाऊक नाही.

तुम्हाला ठाऊक आहे. मग लहान व्हा. आणखी लहान. त्या राखलेल्या वळूच्या वृषणातल्या एका पेशीत उतरा.

इथं साठ गुणसूत्रं आहेत. माणसाची शेहेचाळीस, गाईगुरांची साठ. आकडा मोठा म्हणून प्राणी थोर, असा हिशेब इथं चालत नाही. तीस जोड्या. एकोणतीस जोड्यांत दोन्ही जोडीदार सारखे दिसतात, तिसावी जोडी मात्र विजोड: एक दांडगं एक्स आणि एक चिमुकलं वाय. प्रत्येक जोडीतलं एक वळूच्या आईकडून आलंय, एक बापाकडून. पेशी विभागायच्या आधी हे जोडीदार एकमेकांना बिलगतात, काही ठिकाणी तुटतात, आणि तुटलेले तुकडे बदलून पुन्हा सांधले जातात. तुमच्या डोळ्यांदेखत आजीचा तुकडा आजोबाच्या गुणसूत्रात जाऊन बसतो. मग जोड्या फुटतात. पत्ते पिसून निम्मे वाटावेत तसं प्रत्येक जोडीतलं एकच गुणसूत्र शुक्रपेशीत जातं, कुठलं ते नशिबावर. तुकड्यांची अदलाबदल हिशेबात धरलीच नाही, तरी तीस जोड्यांतून एकेक उचलण्याचे १०७ कोटींहून जास्त प्रकार होतात. एका वळूची दोन वासरं सारखी का निघत नाहीत, याचं उत्तर त्या आकड्यात आहे.

आणि वेग नावाचं एक जनुक तुम्ही इथं शोधत बसलात तर दमाल. पळणं हे हाडांच्या लांबीत, स्नायूंत, हृदयात, फुप्फुसात, स्वभावातसुद्धा विखुरलंय, शेकडो जनुकांच्या बारीकसारीक वाट्यांत. गवळी हे सगळे वाटे एकत्र तोलतो, फक्त डोळ्यांनी. पिढीगणिक सरासरी थोडी सरकते.

रंगाचं आणखी मजेशीर आहे. पांढरेपणाची जनुकं गाईत आणि वळूत तीच, तरी गाय पांढरीशुभ्र आणि वळूचं डोकं, मान, वशिंड राखाडी. नराच्या संप्रेरकामुळं तीच जनुकं गडद रंग दाखवतात. बडवलेला बैल म्हणूनच वळूपेक्षा उजळ. छकड्यातून दिसलेल्या त्या पाठी आठवा.

आता गाईच्या बाजूला या. तिच्या बीजांडात केंद्रकाबाहेर हजारो तंतुकणिका आहेत, इंग्रजी पुस्तकांतल्या मायटोकाँड्रिया. त्यांना स्वतःचा छोटासा डीएनए असतो. वळूच्या शुक्रपेशीतल्या तंतुकणिका बीजांडात टिकत नाहीत, त्यामुळं हा डीएनए आईकडून लेकीला, लेकीकडून नातीला जसाच्या तसा जातो. क्वचित एखादं अक्षर बदलतं, तेवढंच. हा धागा धरून मागं गेलात तर थांबायला जागा मिळत नाही. कारंज्याचं रान सुटतं, लोखंड सुटतं, शेती सुटत जाते, आणि सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी तुम्ही बलुचिस्तानात मेहरगडच्या मातीच्या घरांशी उभे असता. समोरची वशिंडाची गाय नुकती माणसाळली आहे. तिच्या रानटी पूर्वजांच्या जातीची हाडं नर्मदेच्या खोऱ्यातही सापडली आहेत. युरोपातल्या बिनवशिंडाच्या गाईंचे पूर्वज हिच्या पूर्वजांपासून त्याच्याही लाखो वर्षं आधी वेगळे झाले. म्हणजे जर्सी आणि गवळाऊ यांची ताटातूट माणसानं केलेली नाही.

परत पुढं चला, आता उड्या मारत. गाईची पिढी साधारण पाच वर्षांची धरली तर १७४० पासून आजवर पंचावन्न-साठ पिढ्या. दहा पिढ्यांत एका वासराच्या वंशवृक्षात १,०२४ जागा होतात, आणि त्या मूळ गाईचा वाटा सरासरी हजारातला एक उरतो. पण थेट मायलेकींच्या ओळीत तिच्या तंतुकणिका तशाच असतात.

१८६५. फेब्रुवारी आणि मार्चमध्ये ब्रनो शहरात ग्रेगोर मेंडेल वाटाण्याच्या प्रयोगांवर दोन व्याख्यानं देतो आणि ऐकणारे फारसं काही न बोलता घरी जातात. तुम्ही तिथं नाही. तुम्ही वर्ध्याच्या वाटेवर धुळीत आहात. जिल्हा तीनच वर्षांपूर्वी नागपुरातून वेगळा झालाय, अमेरिकेतल्या यादवी युद्धानं कापसाला सोन्याचा भाव आणलाय, आणि गाड्यांची रांग संपत नाही. फौजा गेल्या, पण पळणाऱ्या बैलाला काम मिळालंय. दोन वर्षांत रेल्वे नागपूरला पोचेल आणि लांबच्या ओझ्याचं काम त्याच्या खांद्यावरून काढून घेईल. मेंडेलचं म्हणणं जगाला १९०० साली पुन्हा सापडतं. पाठोपाठ सटन नावाचा संशोधक नाकतोड्याच्या पेशींत गुणसूत्रांच्या जोड्या फुटताना बघून मेंडेलचे नियम तिथं जोडतो, आणि १९०५ मध्ये नेटी स्टीव्हन्स ही बाई भुंगेऱ्याच्या अळ्यांवर काम करून दाखवून देते की नर की मादी हे त्या चिमुकल्या गुणसूत्रावर ठरतं.

१९४१, वर्ध्याजवळचं गोपुरी. जमनालाल बजाजांनी गोसेवा संघ काढलाय; पुढच्या फेब्रुवारीत ते जातील. गांधीजींच्या गोशाळेचं काम बघणारे यशवंत महादेव पारनेरकर याच कामात आहेत. माणसात ४८ गुणसूत्रं असतात असं पुस्तकं अजून छापताहेत. ४६ हा आकडा १९५६ मध्ये पक्का होईल. इथल्या लोकांना हवी आहे दूधही देणारी आणि बैलही देणारी गाय, आणि गवळाऊचं एका वेतातलं दूध सरासरी सहाशे लिटरच्या आसपास. वळू निवडायचा तर तो स्वतः दूध देत नाही. त्याची किंमत त्याच्या लेकी व्यायल्यावर कळणार, म्हणजे पाच-सहा वर्षांनी, आणि तीही पुरेशा लेकींच्या दुधाची नोंद कुणी रोज ठेवली तरच. गवळ्याला पळणं एका सकाळी दिसत होतं. दूध दिसायला वही लागते. गवळाऊचं दूध फारसं का वाढलं नाही, याचं कारण मला त्या न भरलेल्या वह्यांत दिसतं. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला सरकारी पशुपैदास केंद्र उभं राहिलं, वळू राखले गेले, पण गावोगावच्या गोठ्यांत नोंद कोण ठेवणार?

मग येतं नायट्रोजनचं भांडं. १९६७ मध्ये उरुळी कांचनला मणिभाई देसाई 'बाएफ' ही संस्था सुरू करतात आणि परदेशी वळूंचं गोठवलेलं वीर्य खेड्यापाड्यांत पोचू लागतं. मणिभाई गांधीजींचेच कार्यकर्ते. संकरित गाईचा एवढा मोठा पुरस्कर्ता त्या परंपरेतून निघावा, हे गोपुरीहून आलेल्या तुम्हाला जरा चमकवतं. उणे १९६ अंश तापमानात कांडी, कांडीत सुमारे दोन कोटी शुक्रपेशी. वळूला आता गावात यायची गरज नाही. कदाचित तो मेलेलाही असेल.

तुम्ही एका पांढऱ्या कालवडीशेजारी उभे राहता. तिला जर्सीची कांडी भरली जाते. वासरू तांबूस होतं, वशिंड नावापुरतं. हिशेब चोख आहे: निम्मी गुणसूत्रं त्या रानातली, निम्मी इंग्लिश खाडीतल्या एका बेटावरची. मोठेपणी ती एका दिवसात तिच्या आईच्या तिप्पट-चौपट दूध देते आणि घरात शाळेची फी भरली जाते. या गाईला नाकं मुरडणाऱ्यांनी ती फी भरलेली नसते. पण तिच्या भावाच्या मानेवर जू ठरत नाही, कारण जू वशिंडाला अडतं. आणि मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळिसाला टेकला की गोठ्यात धापा टाकण्याचा आवाज येतो. पांढरे केस, खाली काळी कातडी, सैल गळकंबळ, जास्त घामग्रंथी, हे सगळं आईकडं होतं.

पुढच्या पिढीत पुन्हा जर्सी, मग पुन्हा. वासराच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरा: गोऱ्ह्याचं वाय गुणसूत्र बघूनच बापाची ओळ कळते. वशिंडाच्या गुरांत त्याची सांध टोकाला असते, युरोपी गुरांत मधल्या बाजूला. इथं ती मधे आहे. तंतुकणिका मात्र अजून मेहरगडच्याच. बाप बदलत गेले, आया त्याच राहिल्या. याचं उलटं चित्र ब्राझीलमध्ये दिसतं: आंध्रातल्या ओंगोल वळूंपासून वाढवलेली तिथली नेलोरे गुरं दिसायला अस्सल वशिंडाची, वाय गुणसूत्र भारतीय, पण बहुतेकांच्या तंतुकणिका युरोपी गाईंच्या. जात कुठली हे ठरवायला या दोन ओळी पुरत नाहीत. मधल्या एकोणतीस जोड्यांत काय मिसळलंय ते दोघी सांगत नाहीत.

परतीची वाटही गणितात आहे. निम्म्या-निम्म्या संकरित गाईला गवळाऊ वळू द्या, वासरू सरासरी तीन चतुर्थांश गवळाऊ. पुन्हा द्या, सात अष्टमांश. मग पंधरा सोळांश. सरासरी, बरं का. पिसलेले पत्ते एखाद्या वासराला कमी देतात, एखाद्याला जास्त.

हल्ली दुधातल्या ए-टू प्रथिनाच्या जाहिराती फार झाल्यात. गाईच्या सहाव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात एक अक्षर बदललं की बीटा केसीनच्या ६७ व्या जागी प्रोलीनऐवजी हिस्टिडीन येतं, आणि ए-टूचं ए-वन होतं. देशी गाईंत ए-टू जास्त, हे खरं. पण त्यावरून बाटलीची किंमत जेवढी फुगवतात तेवढा पुरावा आरोग्याच्या दाव्यांमागं नाही. गवळाऊ वाचायची असेल तर तिला धडधाकट कारण हवं. कारंजा-आर्वीकडं ते कारण दुधात नाही, पटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत आहे. शंकरपटावर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, तेव्हा पळणाऱ्या गोऱ्ह्याला गिऱ्हाईक उरलं नाही. २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, २०२३ मध्ये घटनापीठानं ती कायम केली. बैलाच्या हालांचा मुद्दा खोटा नाही. तरीही पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या गवळ्याची कसोटी आज कुठं लावली जात असेल तर ती पटाच्या धावपट्टीवरच, हे नाकारता येत नाही.

शेवटची उडी, आज. कारंजा तालुक्यातल्या एका गोठ्यात पांढरी कालवड माजावर आलीय. गोठ्याच्या कोपऱ्यात कुटाराचा ढीग. कांडीवाला डॉक्टर मोटारसायकलवरून भांडं उतरवतो, झाकण काढतो.

"होल्स्टीनची आहे, निवडलेली. नव्वद टक्के कालवडच होते," तो सांगतो. एक्स वाहणाऱ्या शुक्रपेशीत वायवाल्यापेक्षा सुमारे चार टक्के डीएनए जास्त असतो; त्या फरकावर यंत्र त्यांना वेगळं करतं. "जर्सी आहे. अन् ही गवळाऊची, साधी."

घरधनी होल्स्टीनकडं बोट दाखवणार तोच आतून म्हातारी येते. "दोन जरश्या हायेत नं गोठ्यात. थ्या दूध देऊन रायल्या. इले आपलीच भरा."

"साध्या कांडीत गोऱ्हाबी होऊ शकते, आजी. निम्मंनिम्म."

"गोऱ्हा झाला तं पटाले नेईन म्हणते माहा नातू."

"अन् नाई पळाला तं?"

"तं इकून टाकू. पयले भरा तं खरी, बाप्पा, थे गाय काई तुमची वाट पाहत रायनार नाई!"